ठेवणीतला आवाज

मिरजेत गेल्या अकरा वर्षांत कुणाचाही आवाज बसला नव्हता. लग्नात ओरडून बसला नव्हता, थंडीवाऱ्यानं बसला नव्हता, म्हातारपणानं तर नाहीच नाही. नव्वदीची आजीबाई बोलली तरी ऐकणाऱ्याला ती ऐंशीच्या आतली वाटायची, आणि गल्लीतली भांडणंसुद्धा रेडिओवरच्या बातम्यांसारखी स्वच्छ ऐकू यायची. शिव्या तेवढ्याच, पण उच्चार शुद्ध. ही सगळी करामत निवळीची.

निवळीचं बी उगाळून गढूळ पाण्यात टाकलं की गाळ तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. कानात घालायच्या मण्याला ज्यानं हे नाव दिलं, तो माणसं ओळखून असला पाहिजे. मणी हरभऱ्याएवढा. आधी तो कमी ऐकू येणाऱ्यांसाठी निघाला, मग गोंगाटात काम करणाऱ्यांनी घेतला, आणि दोन वर्षांत अशी वेळ आली की मणी नसलेला कान उघडा पडल्यासारखा दिसू लागला. नव्या माणसाचा आवाज हा मणी पहिले सात दिवस नुसता ऐकून घ्यायचा आणि त्याचा एक ठसा साठवायचा. पुढे तो माणूस कधीही बोलला की त्याच्या तोंडचे फक्त शब्द उचलायचे आणि त्या ठशात घालून कानात सोडायचे. खोकला, धाप, घरघर, रडवेपणा, हा सगळा गाळ. शब्द आजचे, आवाज ठेवणीतला. स्वतःचा आवाजही माणसाला तसाच ऐकू यायचा. आपल्या माणसाचं वय निदान आपल्या कानावर तरी येऊ नये, असं कुणाला वाटत नाही? लोकांनी मणी घातले ते घातलेच.

धनाजी सुतार मात्र दिवसातून दोन तास ते काढायचा. त्याचा धंदाच तसा होता. तो तंबोरे करायचा, आणि तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा हळूहळू सरकवत न्यायचा. एका नेमक्या जागी दोरा आला की तारेचा आवाज उमलतो, मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसा. निवळीच्या लेखी ती गुणगुण म्हणजे गाळच. म्हणून जवारीला बसताना धनाजी दोन्ही मणी पितळेच्या वाटीत टाकायचा. वाटी खणकली की घरात बोलणं बंद. हा नियम त्याच्या आज्यापासूनचा होता. जवारी लागत असताना घरात कुणी आवाज करायचा नाही, भांडंसुद्धा आपटायचं नाही. सारिका सून म्हणून आली त्या आठवड्यात सासूनं तिला स्वयंपाकाच्या आधी हा नियम शिकवला होता, आणि छत्तीस वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. बाकीचे बरेच मोडले होते.

म्हणजे तारेसाठी मणी काढायचा आणि बायकोसाठी घालायचा, असा धनाजीचा रिवाज. त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही.

माळ्यावरचे तंबोऱ्याचे भोपळे काढायला गेलेली सारिका शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबली आणि पुढं जाईना, तेव्हा तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. घशाच्या डॉक्टर निखत मोमीन पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी स्वतःचे मणी काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्हीपण काढा. दोघंही."

"कशाला?" धनाजी म्हणाला. "आवाज खणखणीत आहे तिचा. गिळायला त्रास होतोय, आणि दम लागतोय."

"मामा, काढा तर खरं. मामी, बोला काहीतरी."

"काय बोलू? नाव सांगू, का गाव सांगू?"

खोलीत चौथं कोण आलं म्हणून धनाजीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. ओलं पोतं खरखरीत फरशीवरून ओढावं तसा तो आवाज होता, आणि दोन शब्दांच्या मध्ये फटीतून वारा शिरावा तशी शीळ. सारिकानं गळ्यावर हात ठेवला.

"ही मी?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर घसा दिसू लागला. "हे दोन पांढरे पडदे दिसतात ना, हे एकमेकांना लागतात तेव्हा आवाज होतो. तुमच्या तारेसारखंच समजा. आणि त्यांच्या खाली बघा."

खाली एक गुळगुळीत उंचवटा होता. श्वासाच्या वाटेची तीन हिस्से जागा त्यानं अडवली होती. उरलेल्या चतकोर फटीतून सारिका जगत होती.

आधी औषधानं सूज उतरवून श्वासाची वाट जरा मोकळी केली, मग स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि पाचव्या दिवशी दोघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसली.

"कूर्चेची गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कूर्चा म्हणजे मऊ हाड, कानाच्या वरच्या भागात असतं तसलं. स्वरपेटी त्याचीच बनलेली असते. तिथं अशी गाठ होणं फार क्वचित. सव्वीस वर्षांत मी चार पाहिल्या. कॅन्सरच आहे, पण आळशी. पसरायची घाई नसते तिला. सहा-सात वर्षं नुसती आवाज घोगरा करत बसते. दवंडीच पिटते म्हणा. तेव्हा कळली असती तर तोंडातून आत जाऊन तेवढीच कोरून काढली असती. आता तिनं स्वरपेटीचं खालचं कडंच खाल्लंय. सगळ्या पेटीला आधार असतो तो त्या कड्याचा. पूर्ण पेटी काढावी लागेल."

"दवंडी," धनाजी म्हणाला. "मी ऐकली नाही."

"तुम्हीच नाही. मामी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं आल्या होत्या. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आवाज इतका साफ, दुर्बीण कशाला घालायची? माझ्याही कानात मणी होता." त्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं. "तेव्हापासून तपासताना काढून ठेवते, असं सांगायला आवडलं असतं. हे सहा महिने झाले फक्त. तुमच्यासारखाच एकजण आला आणि गेला, त्यानंतर."

धनाजी आपल्या डाव्या तळहाताकडं पाहू लागला. मग म्हणाला, "भोपळ्यांना नावं ठेवली मी."

"कुठल्या भोपळ्यांना?"

त्याला ते सांगायला जड गेलं, पण त्यानं सांगितलं. भिंतीवर नेहमी सात-आठ तयार तंबोरे टांगलेले असतात. लावलेल्या तारेजवळ तिच्याच सुरातला आवाज झाला की हात न लावता ती तार थरथरते. सारिका दारातून "चहा झालाय" म्हणायची, तेव्हा तिचा 'झा' नेमका पांढरी चारला, म्हणजे त्या तंबोऱ्यांच्याच सुराला, लागायचा आणि भिंतीवरचे दोन तंबोरे हुंकार द्यायचे. मणी तो हुंकार गाळून टाकायचा, पण धनाजीला भोपळ्यावर तळहात ठेवायची सवय होती. हाताला मुंग्या यायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या यायच्या थांबल्या. कानात सारिकाचा आवाज तोच, सूर तोच. मग दोष कुणाचा? तेव्हा तो म्हणाला होता, यंदाचा भोपळा जाड सालीचा आला. दोन तंबोऱ्यांच्या जवाऱ्या त्यानं पुन्हा घासल्या, एकाची भोपळ्यावरची लाकडी तबली बदलली. आणि पुढच्या वर्षी भोपळे देणाराच बदलला.

"म्हणजे लाकडाला कळलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"लाकडाला कळलं होतं."

सारिकानं त्याच्याकडं पाहिलं आणि आपल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "त्या बिचाऱ्या भोपळेवाल्याला तरी आता फोन करा." मग डॉक्टरांना, "नाही काढली तर?"

"गाठ वाट बंद करेल. गळ्याला खालून भोक पाडून श्वास चालू ठेवता येईल, पण ती गिळूही देणार नाही, आणि पुढं खालच्या नळीत उतरेल. मग मला काही करता येणार नाही."

"आणि काढली तर बोलायचं कसं?"

"गळ्याला कायमचं भोक राहील, श्वास तिथून. आत एक बारीक झडप बसवू. भोकावर अंगठा दाबून हवा सोडली की अन्ननळी थरथरते, त्यातून शब्द निघतात. ओबडधोबड निघतात, पण निघतात. आणि मण्याला तेवढे पुरतात. मामींचा ठसा साठवलेला आहेच. घरच्यांना पूर्वीसारखंच ऐकू येईल." त्या थांबल्या. "पेशंट खूश असतात. म्हणजे, पेशंटच्या घरचे."

ऑपरेशनला आठ दिवस होते. घरी आल्यावर सारिकानं स्वतःच्या हातानं धनाजीचे मणी काढून वाटीत टाकले. "आता आठ दिवस मला ऐका," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं तुमच्या तारा ऐकल्या मी."

पहिल्या दिवशी धनाजी समोर बसला. एका वाक्याला तिला तीन श्वास लागत होते. तिनं लेकीच्या, ऋतुजाच्या बाळंतपणाचं काही सांगितलं, सासूबद्दल एक जुनी गोष्ट सांगितली, हसलीसुद्धा. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसती शीळ होती. धनाजीचे कान एकसष्ट वर्षांचे, अकरा वर्षं नितळ ऐकायला सरावलेले. त्याला निम्मे शब्द कळले. उरलेल्यांना तो मान हलवत राहिला. आपला नवरा कधी न कळता मान हलवतो, हे छत्तीस वर्षांनी कुठल्या बायकोला कळत नाही? दुसऱ्या दिवशी "ऋतुजाचा फोन येईल, तेवढ्यापुरते" म्हणून त्यानं मणी घातले आणि काढायचे विसरला. तिनं आठवण केली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून काढले, पण तिचा श्वास त्याला ऐकवेना, आणि तासाभरात त्याचा हात वाटीकडं गेला. सारिकाला तो दिसला. चौथ्या दिवसापासून ती फारशी बोललीच नाही. दम लागतो म्हणाली. हे त्यानं स्वच्छ ऐकलं, ठेवणीतल्या आवाजात.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या भागाच्या कडा साफ होत्या, डॉक्टर मोमीन समाधानी होत्या. महिन्याभरानं झडपेतून शब्द निघू लागले तेव्हा बंगळूरहून ऋतुजाचा फोन आला. सारिका गळ्यावर अंगठा दाबून बोलली.

"आई, किती छान येतोय गं आवाज," ऋतुजा म्हणाली. "काहीच फरक नाही. मी उगीच रडले चार दिवस. बाबा, तुम्हीपण किती घाबरवलंत."

सारिकानं फोन धनाजीकडं दिला आणि आत गेली. त्या दिवसापासून लेकीचा फोन आला की ती भांडी घासायला बसायची.

पुढच्या पंधरवड्यात एका दुपारी धनाजी जवारीला बसला होता. मणी वाटीत होते. तंबोरा मांडीवर आडवा, डावा तळहात भोपळ्यावर, उजव्या हातात दोरा. तार उमलायच्या बेतात होती. सारिका दारात येऊन उभी राहिली. मग आत आली, त्याच्यासमोर बसली, गळ्याच्या भोकावर अंगठा ठेवला, आणि जवारी लागत असताना बोलली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

धनाजीला खरखर ऐकू आली. बरीच लांब होती. तीन-चार वाक्यं असावीत. शेवटी तिचे डोळे भरले होते, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला सावकाश, ओठ स्पष्ट हलवत. त्याला त्यात एक 'तुम्ही' कळलं, आणि बहुतेक एक 'घाबरले'. की 'आठवलं'. त्याचा हात वाटीकडं गेला. सारिकानं वाटीवर तळहात पालथा ठेवला.

"अगं, घालू दे की. कळू तर दे मला."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं दोनदा मान हलवली, कळल्यासारखी. मग तिनं वाटीवरचा हात काढून घेतला.

त्यानं घाईघाईनं मणी कानात घातले. तारेची गुणगुण विझली, तिच्या श्वासाची फुसफुसही विझली. खोली नितळ झाली.

"हां," तो म्हणाला. "बोल आता."

सारिकानं अंगठा दाबला.

"काही नाही," अकरा वर्षांपूर्वीची सारिका त्याच्या कानात गोड, खणखणीत आवाजात म्हणाली. "चहा झालाय."

त्याचा डावा तळहात अजून भोपळ्यावरच होता. त्यानं तो तसाच दाबून धरला आणि मुंग्यांची वाट पाहिली.