शिल्लक राहिलेला माणूस

माणूस स्वतःला बाहेरून सहसा पाहत नाही. कुरिअरवाल्याने पाहिलं. भरदुपारी तो पार्सल घेऊन शिवणकामाच्या दुकानात शिरला, तर कोपऱ्यात तोच उभा होता — अर्धवट शिवलेल्या कोटात, डावा खांदा किंचित पाडून... बिनडोक्याचा.

"हा कोण?" त्याने हळूच विचारलं.

"गिऱ्हाईक," कापड बेतणारी मुलगी म्हणाली. सडपातळ आणि बोलायला टोचरी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत.

"आणि डोकं?"

"यायचंय अजून."

विश्वास ठेवा, नाहीतर हसा. मी तेव्हा तिथेच होतो, एक पाय नव्या विजारीत घालून.

झालं होतं असं. टाचणीने बेतलेला प्रत्येक शर्ट हल्ली डाव्या खांद्यावर उतरायचा, मागे कॉलर उचललेली. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. दुकान तिच्या आत्याचं. आत्याने मापांच्या यंत्राला विचारलं, "पोरीचं चुकतंय कुठे?"

यंत्राला प्रेम ठाऊक नाही. त्याच्या पोटात फक्त आठवण आणि हिशेब. त्याला प्रत्येकाचं माप आठवत होतं, तिच्या कात्रीचा प्रत्येक कापही. शर्टातून त्याने गिऱ्हाईक वजा केलं. थोडंसं काहीतरी उरलं. दुसऱ्याचं केलं — पुन्हा तेवढंच, तसंच. असं सगळ्यांचं उरलंसुरलं गोळा करून त्याने सरासरी काढली आणि त्याला जोडलेल्या, कपडे चढवून बघायच्या रबरी पुतळ्यात हवा भरली.

पुतळा सावकाश फुगला. छाती, खांदे, पुढे झुकलेली मान... माप द्यायला कधीच न आलेला माणूस उभा राहिला. आत्याने हवा सोडली, तरी सकाळी तो फुगलेलाच. टाचणीच्या अंगावर काटा आला. पण ती त्याला कोट शिवायला बसली. म्हणे, "उघडा बरा दिसत नाही."

"घालून बघ रे," आत्या आता कुरिअरवाल्याला म्हणाली.

"मी कसला कोट घालतोय, आत्या... उद्यापासून दुसऱ्या गावी नेमणूक. साहेब होतोय. निरोप घ्यायलाच आलो होतो."

टाचणीची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.

त्याने खांद्यावरची झोळी उतरवली. खांदा खालीच राहिला. पुतळ्याचा कोट त्याच्या अंगावर चपखल बसला. फक्त मागे कॉलर उभी.

"इथे चुकलं. मी एवढा वाकत नाही," तो म्हणाला.

टाचणी टाचायला पुढे आली, त्याच्या समोर. त्याने तिच्याकडे पाहिलं. मान झुकली... आणि कॉलर सुरकुती न पडता बसली.

"रस्त्याने तर ताठ जातोस," आत्या म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्हाला कधी कळलं?" त्याने टाचणीला विचारलं.

"मला कुठे... हातांना कळलं," टाचणी म्हणाली. "मला तर या बिनडोक्या मुडद्याने सांगितलं."

"तुमची सगळी पार्सलं एका फेरीत आली असती. मी एकेक आणायचो."

"म्हणून बटणं यायला आठवडा लागायचा होय?"

तो हसला, मग झोळीकडे बघत म्हणाला, "नेमणूक नाकारली, तर जन्मभर झोळीच वाहीन."

"वाहा," ती म्हणाली. "खांद्याचं मी बघते."

त्याने तिचा हात धरला. तेवढ्यात कोपऱ्यात हवा फुसफुसली. यंत्र बंद होतं, जवळ कुणी नव्हतं. तरी पुतळा हळूहळू वळला आणि त्या दोघांकडे पाठ करून उभा राहिला. मानेच्या भोकातून त्याचा उसासा मात्र संध्याकाळपर्यंत येत होता.