नऊ नंबरचा आवाज

डोंगरउतारावर माजलेली घाणेरीची झुडपं काढायची तर रांगेनं काढावी लागतात. एकट्यानं घुसलं की माणूस दहा पावलांत दिसेनासा होतो. म्हणून ताईंनी हे काम सुरू केलं तेव्हाच एक रीत घालून दिली होती. प्रत्येकाला एक नंबर, आणि दर अर्ध्या तासानं हजेरी. ताईंनी "मोजा" म्हटलं की एकपासून बारापर्यंत प्रत्येकानं आपापला आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा चुकला की काम बंद.

दर रविवारी शिंपी, नर्स, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा अशी मंडळी हौसेनं यायची. घाणेरी मुळासकट उपटायची, त्या जागी रोपवाटिकेतली मूळची झाडं लावायची. आठ वर्षांत उताराचा नूर पालटला होता. पाखरं परतली होती, रानात लावलेल्या कॅमेऱ्यात साळिंदरं आणि हरणं दिसू लागली होती. फक्त जुन्या विहिरीभोवतीचा तुकडा तेवढा राहिला होता. कॅमेऱ्यात त्या बाजूला कधी काही यायचं नाही. हरणं कडेपर्यंत येत, कान टवकारून उभी राहत आणि मागे फिरत.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आणि कुलूप होतं. तीन वर्षांपूर्वी नव्हतं. घाणेरीनं ती पार झाकून टाकली होती, आणि नऊ नंबरला काम करणारे ताईंचे दादा तिच्यात पडले. सापडले तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून नऊ हा आकडा कुणाला दिला नव्हता. आठनंतर थेट दहा.

आज तो शेवटचा तुकडा साफ करायचा होता, आणि दहा नंबरला चिमी होती, दादांची एकोणीस वर्षांची मुलगी. बाबांच्या जागेवर झाड लावायचंच, म्हणून हटून बसली होती. सकाळी वहिनींनी डबा दिला आणि ताईंचा हात सोडला नाही.

"ताई, या रानाला एक माणूस दिलाय मी. हिला माझ्यासमोर आणून उभी करा."

"माझ्याजवळून हलू देणार नाही," ताई म्हणाल्या.

दुपारी तीनच्या सुमारास धुकं उतरलं. बघता बघता शेजारचा माणूस पुसट झाला. चुरडलेल्या पानांचा उग्र वास दाटून आला, कोयत्यांचे आवाज लांब गेल्यासारखे वाटू लागले. ताईंना ते धुकं मुळीच आवडलं नाही. त्या दिवशीही असंच होतं.

"मोजा."

"एक." "दोन." आकडे धुक्यातून येत गेले. "सात." "आठ."

"नऊ."

मग जरा थांबून चिमीचा आवाज आला, "दहा..."

"अकरा," आजोबा म्हणाले. "ताई, मोजणं विसरलात काय? की माझ्यासारखं वय झालं?"

कुणीतरी हसलं. ताई मात्र आवाजाच्या दिशेनं वळल्या. 'नऊ' म्हणणारा आवाज बाईचा होता, घाईतला, वैतागलेला. तो त्यांचा स्वतःचा आवाज होता. आणि त्यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

चिमी चाचपडत त्यांच्याजवळ आली. "आत्या, तू का नऊ म्हणालीस?"

ताईंनी तिला बाजूला नेलं. तीन वर्षं जे गिळून बसल्या होत्या, ते आता सांगायला लागल्या.

"आज नाही म्हणाले. पण त्या दिवशी म्हणाले होते."

चिमीनं हातातलं रोप खाली ठेवलं.

"आठनंतर आवाज आला नाही. मला वाटलं, दादा पुढे चालत घरी गेला असेल. काम थांबवायचं, सगळ्यांना शोधायला लावायचं... पाऊस येत होता, मी वैतागले होते. मीच त्याच्या वतीनं नऊ म्हणून टाकलं. आकडे जुळले आणि आम्ही निघून आलो."

"बाबा दोन दिवस जिवंत होते," चिमी हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"हो."

"ते हाका मारत असतील, आत्या."

चिमीनं डोळे पुसले. "मी गाडीत तुझ्याजवळ बसणार नाही," एवढंच म्हणाली आणि धुक्यात चालू लागली. ताईंचे पाय तिच्यामागे जायला निघाले होते, पण कुठल्या तोंडानं जायचं?

त्यांनी काम बंद केलं. मंडळी ताडपत्रीच्या ट्रकमध्ये मागे चढली. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. इंजिन सुरू झालं होतं. मागे न बघताच त्यांनी हाक दिली, "मोजा."

एकेक आकडा आला. सात. आठ. नऊ कुणी म्हणालं नाही. मग "दहा" आलं, जरा बसलेल्या आवाजात. रडली असेल बिचारी. अकरा, बारा. ताईंचा जीव भांड्यात पडला. सांगून टाकलं ते बरं झालं, त्यांना वाटलं.

उतार संपला, धुकं मागे राहिलं. ट्रक थांबला तेव्हा वहिनी घराच्या फाटकातच उभ्या होत्या. ताई उतरून मागे गेल्या. ताडपत्री वर केली. शिंपी, नर्स, आजोबा, सगळे चिखलानं माखलेले. बाकावर आजोबांशेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

"चिमी?" वहिनी मागून म्हणाल्या.

"ती पुढे ताईंजवळ नाही का?" आजोबा गोंधळले.

"दहा कोण म्हणालं?" ताईंनी विचारलं. "आजोबा, आत्ता गाडीत... दहा कोण म्हणालं?"

आजोबा बाकावरून पुढे वाकले.

"अहो, तुम्हीच की. मला वाटलं, पोरगी रडतेय, म्हणून तिच्या वतीनं तुम्ही म्हणालात. फक्त..." त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि ते थोडे बाजूला सरकले. "फक्त आवाज पुढून नाही आला, ताई. इथून आला."

बाकावरची ती जागा ओली होती, आणि तिला विहिरीच्या शेवाळाचा वास होता.