भट्टी विझताना

सौदीतल्या हफ्र अल बातिनला थंडी पडते हे शालिनीच्या माहेरी, नगरला, कुणाला खरं वाटत नसे. वाळवंटात कसली आलीय थंडी, म्हणून सगळे तिची थट्टा करत. इथे मात्र डिसेंबरात फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. नवऱ्याच्या, यज्ञेशच्या बँकेने नुकताच दिलेला व्हिला जुना होता, कधीकाळी परदेशी इंजिनियरांसाठी बांधलेला. तळघरात डिझेलवर चालणारी भट्टी होती आणि तिची गरम हवा पत्र्याच्या नळांतून प्रत्येक खोलीतल्या जाळीपर्यंत येई.

शालिनी इंडियन स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची. नीट समजून घेतल्याशिवाय लेकीच्या, आर्याच्या खोलीखाली जाळ पेटवायला ती तयार नव्हती. शेवटी घरमालकाने भट्ट्या दुरुस्त करणारा, गुहागरचा ज्ञानेश पाठवला.

"पंप डिझेल ओढतो, हा नॉझल त्याचा फवारा करतो, ठिणगी पडली की जाळ," त्याने दाखवलं. "जाळ या लोखंडी पेटीच्या आत, आपली हवा भायेरून. दोघांची गाठ पडता कामा नाय. पेटीला चीर गेली, नायतर धुराडं काजळीनं बुजलं, तर विषारी वायू घरात. वास नाय, काय नाय. माणूस झोपतो तो झोपतोच. म्हणून दरसाल साफसफाई."

त्याने फिल्टर आणि नॉझल बदलले, काजळी खरवडली, वायूचा अलार्म भिंतीला लावून दिला. शालिनी निर्धास्त झाली.

काही दिवसांनी, संध्याकाळी भट्टी थांबली की आर्याच्या खोलीतल्या जाळीतून आवाज येऊ लागला. आधी नुसती कुरकुर, मग एक उसासा. तापलेला धातू थंड होताना आकसतो, असं शालिनीने स्वतःला बजावलं. पण आकसणारा पत्रा मराठी बोलत नाही.

"येतो."

पुरुषाचा आवाज, थकलेला, अदबीचा. अलार्म गप्प होता.

"मम्मा, नीचेवाले अंकल रोज 'येतो' बोलते हैं," वहीतून मान वर न करता आर्या म्हणाली. "वॉट डू वी से बॅक?"

शालिनी झटकन तिच्याजवळ गेली. पोर मराठीत उत्तर देत नाही म्हणून एरवी हीच कुढायची. "काही नाही," ती म्हणाली. "काहीही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने ज्ञानेशला बोलावलं. पेटी धड होती, धुराडं मोकळं होतं. आवाजाचं ऐकल्यावर मात्र तो हातातला पाना उगाच पुसत राहिला.

"हुसेनमियाँ," तो म्हणाला. "माझे उस्ताद, दापोलीचे. ही भट्टी तेच बघायचे. मधे मालकानं बरीच वर्षं हात लावू दिला नाय, पेटी चिरली. तपासायला खाली उतरले ते तिथंच निजले. पेटी मागनं बदलली. 'येतो' म्हटल्याबिगर कुणाचं घर सोडत नसत, वैनी. त्या दिवशी म्हणायचं राह्यलं."

शालिनीला फार वाईट वाटलं. "मग 'या' म्हणून निरोप देऊन टाकूया का?"

"नको. 'या' म्हणजे निघा पण, आणि या पण. त्यांनी भलताच अर्थ घेतला, तर?"

तिने यज्ञेशला फोन करून तिथल्या तिथे दुसरं घर बघायला धाडलं. ज्ञानेशने भट्टीचा मेन स्विच पाडला, डिझेलची चावी बंद केली. जाळी गप्प राहिली. दोघांनाही हायसं वाटलं. दाराशी त्याने सवयीने मान लववली.

"येतो, वैनी."

"या," शालिनी म्हणाली.

बोलून दोघेही थबकले. मागे खोलीच्या उंबऱ्यात आर्या उभी होती. तिचे ओठ हळूच हलत होते.

अंधारून आलं. यज्ञेश अजून परतला नव्हता. शालिनी पोळ्या लाटत होती.

"येतो."

लाटणं थांबलं.

"या," आतून आर्या म्हणाली. स्पष्ट, शहाण्या मुलीसारखं.

शालिनी धावली. भट्टी दुपारपासून बंद होती, खोली गारठली होती. आर्या पलंगाच्या एका कडेला सरकून बसली होती, पाहुण्याला जागा करून देतात तशी.

"मम्मा, मैंने ठीक बोला ना?"

शालिनीने तिला उचललं. उचलताना हात शेजारच्या चादरीवर टेकला.

चादर तिथे खोलगट दबली होती. आणि गरम होती.