बेचाळिसावा सेकंद

आमच्या गटाचा नियम साधा होता. डिसेंबर लागला की प्रत्येकाने आपलं सर्वांत आवडतं नाताळगीत स्वतःच्या आवाजात, वाद्यांशिवाय रेकॉर्ड करायचं आणि ते का आवडतं हे दोन ओळींत लिहायचं. इंटरनेटवर जमलेली शंभरेक माणसं, कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. टोपणनावांवर सगळा कारभार. रेकॉर्डिंग आधी माझ्याकडे यायचं, कारण मी जाहिरातींच्या स्टुडिओत आवाज साफ करण्याचं काम करते. पंख्याची घरघर, खोकला, शेजाऱ्यांची भांडणं काढून टाकायची आणि फक्त गाणारा ठेवायचा. गटात मला झाडूताई म्हणतात. प्रेमाने म्हणतात, अशी मी समजूत करून घेतली आहे.

यंदा पहिलं गाणं नर्सबाईंचं आलं. दुपारचे तीन वाजले होते. चहाचा कप बाजूला ठेवून मी हेडफोन लावले. दुसऱ्या ओळीला मागून कोणीतरी सूर धरला. बाईचा आवाज, वयस्कर, भिंतीपलीकडून यावा तसा दबका. बेचाळिसाव्या सेकंदाला तो शब्दाच्या मध्येच तुटला. असेल एखादी हौशी शेजारीण, असं म्हणून मी तो पुसला आणि गाणं गटावर टाकलं.

दोन दिवसांनी ट्रकवाल्याचं आलं. गाणं वेगळं, चालही वेगळी. दुसऱ्या ओळीला मागून तोच आवाज आला आणि बेचाळिसाव्या सेकंदाला तुटला.

या वेळी मी उलटं काम केलं. ट्रकवाल्याचा आवाज पुसला आणि मागे उरलं ते मोठं करून ऐकलं. वरच्या सुराला किंचित खाली घसरणारा गळा. श्वास घेताना कवळीची बारीक टकटक.

आई जाऊन अकरा महिने झाले होते.

आता सांगूनच टाकते. मागच्या डिसेंबरात मी माझं गाणं रेकॉर्ड करत होते आणि आई शेजारच्या खोलीत आजारी होती. ही गाणी मला तिनेच शिकवलेली. दुसऱ्या ओळीला तिने तिथून सूर लावला. थोडा वेळ मी सहन केलं, मग ओरडले, "आई, गप्प बस ना जरा! सगळं खराब होतंय!" पुन्हा पहिल्यापासून गायचा मला कंटाळा आला. तिचा आवाज पुसला, माझं ओरडणं कापलं, तुकडे जोडले. मूळ फाईल जागा खाते म्हणून उडवली. किती स्वच्छ, असं लोकांनी लिहिलं आणि मी खूश झाले. जानेवारीत ती गेली. हजारो परक्यांचे आवाज माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत, आईचा एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कापलेली जागा मात्र पाठ आहे. बेचाळिसावा सेकंद.

मी नर्सबाईंना लिहिलं, गाताना घरात आणखी कोण होतं?

"कोणी नाही हो, मी एकटीच राहते," त्यांचं उत्तर आलं. "पण या वेळी गाताना एकटं नाही वाटलं बघा."

ट्रकवाल्याने सांगितलं, "रस्त्याकडेला गाडी लावली, काचा बंद केल्या नि गायलो. तुमच्या साफसफाईत गाण्याची मजा गेली बघा, ताई. माझ्याजवळचंच ऐकायला बरं वाटतं."

त्यानंतर आलेल्या प्रत्येक गाण्यात ती होती. शिक्षकाच्या, शिंपिणीच्या, दोन पोरांच्या बापाच्या. परक्यांच्या घरोघरी जाऊन माझी आई गात होती. भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

दादाला फोनवर एक तुकडा ऐकवला. त्याने तो पुन्हा लावायला सांगितला.

"आईच आहे," तो म्हणाला. "कुठे मिळाली?"

"दुसऱ्यांच्या गाण्यांत."

"हं. तुझ्याकडे कशी गाईल?"

"म्हणजे काय, दादा?"

"मागच्या डिसेंबरात तू तिच्यावर ओरडलीस, त्या संध्याकाळी फोन केला होता तिने. म्हणाली, पोरीचं काम चालू असतं रे, मी आता तोंड उघडत नाही."

खरंच नव्हतं उघडलं. ती थकली असेल, असं मला वाटलं होतं.

चोवीस तारखेला भर दुपारी मी तिच्या खोलीचं दार सताड उघडलं. ते आपोआप लागतं, म्हणून तिच्या बाजूने लाकडी खुर्ची टेकवली. इकडे येऊन दाराकडे पाठ करून बसले, माइक लावला. मला एकच हवं होतं. तिने गावं आणि बेचाळीसच्या पुढे जावं.

तिचं आवडतं गाणं घेतलं. दुसरी ओळ आली. कोणी सूर धरला नाही.

डोळे घड्याळाकडे होते. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

काही नाही.

कडवं संपल्यावर मी थांबले. "आई, गा ना," म्हटलं. "काही खराब होत नाही."

उरलेली कडवी रेटली.

मग तशीच, काही साफ न करता, फाईल लावली.

माझा आवाज. पंखा. खालून जाणारी एक मोटार.

बेचाळिसाव्या सेकंदाला तिच्या खोलीतून चपला वाजल्या. सावकाश दारापर्यंत आल्या.

थांबल्या.

खुर्ची उचलल्याचा आवाज आला. ओढली नाही, कोणाला त्रास होऊ नये म्हणून उचलतात तशी उचलली. मग दार हळूच लागलं.

त्यानंतर माझंच "आई, गा ना" ऐकू आलं. आणि माझं गाणं, अगदी स्वच्छ.

मी हेडफोन काढून मागे पाहिलं. उठून दार ढकललं.

पलीकडून कडी होती.