काल्याची फाइल

भोसरीहून चाकणला निघालेली बस गचकन थांबली आणि मिनलच्या खांद्यावरची पिशवी सुटली. मागच्या तरुणानं ती वरच्यावर झेलली. मिनल मात्र थेट खांबावर आपटली.

"वा! पिशवी धरलीत, मला नाही?" कपाळ चोळत ती म्हणाली.

"तुम्ही पडलात तर उठाल. हार्ड डिस्क पडली की उठत नाही."

"आत डिस्क आहे हे कसं कळलं?"

"टॉवेलात बाळासारखं गुंडाळून दुसरं काय नेतात?"

ती हसली... चार महिन्यांत पहिल्यांदा. चार महिन्यांपूर्वी तिचे वडील, कीर्तनकार मालोजीबुवा, गेले होते. ज्यांच्या एका हाकेसरशी अख्खा मांडव टाळ्यांचा ठेका धरायचा, त्यांची हाक आता फक्त त्या डिस्कमध्ये उरली होती.

आणि योग बघा, तो तरुण उतरला तोही ती काम करायची त्याच स्टुडिओपाशी! टायरच्या दुकानावर विजयश्रीताईंचा चार माणसांचा स्टुडिओ. कंपन्यांच्या फिल्म, लग्नं, सप्ताह, सगळं तिथं व्हायचं. पण फाइल कुणाच्या लॅपटॉपवर तर कुणाच्या पेनड्राइव्हवर. एकदा वेल्डिंगच्या फिल्ममध्ये मधूनच नवरी मुंडावळ्या बांधून अवतरली, तेव्हा ताईंनी हात टेकले. सगळं एका सर्व्हरवर आणायला त्यांनी ज्याला बोलावलं, तो हाच सिद्धेश, पिंपरीचा.

"या पेटीला नाव काय द्यायचं?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं.

"शिदोरी."

"बरं. मग रोज भूक लागल्यासारखा येईन."

"काम संपल्यावर?"

"काम... जरा सावकाशच करतो म्हणा ना."

दुपारी तो खिडकीशी डबा खाई, ती आपल्या टेबलाशी. मधल्या सहा पावलांत नुसती नजर ये-जा करायची.

तिसऱ्या आठवड्यात मिनलनं मन घट्ट केलं. बाबांचं शेवटचं कीर्तन ऐकायचंच. डिस्कमधलं सगळं आता शिदोरीत आलं होतं. तिनं ती उघडली. शोधलं. पुन्हा शोधलं.

"सिद्धेश, के-ए-एल-ए नावाची फाइल कुठंय?"

त्याचा चेहरा पडला. "ती... मी पुसली."

"काय?"

"ताई म्हणाल्या होत्या, रिकामे तुकडे काढून टाका. मी उघडून पाहिली, कॉम्प्युटरचा आवाज बंद होता. पडदाभर नुसता काळोख. नाव पण 'काळा'. मला वाटलं, कॅमेऱ्याचं झाकण राहिलंय..."

"काळा नाही हो, काला! सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन! मांडवातली लाइट गेली होती, बाबा अंधारात उभे राहून बोलत होते..."

"आमच्या घरी बुद्धवंदना असते, मिनल. काल्याच्या कीर्तनाचं मला ठाऊक नव्हतं. पण विचारायला हवं होतं."

सगळं शिदोरीत आलं म्हणून मूळ डिस्क पुसून तिच्यावर परवाच एक लग्न भरलं गेलं होतं. दुसरी प्रत नव्हती. बाबा दुसऱ्यांदा गेले.

"तुम्ही परत येऊ नका," ती एवढंच म्हणाली. नाव मराठीत लिहायचा कंटाळा आपणच केला होता, हे तिला कळत होतं. म्हणून तर राग निवत नव्हता.

अकराव्या दिवशी तो दारात उभा. उन्हानं रापलेला, चपलेचा अंगठा तुटलेला. सप्ताह झालेल्या त्या गावात, ते कीर्तन कुणी मोबाइलवर टिपलंय का विचारत, तो घरोघरी फिरला होता. कुणी फोन विकलेला, कुणी भरला म्हणून पुसलेला. शेवटी गावातली एक सोजराबाई म्हणाली, "माज्याकडं हाय की थोडं. पर मधीच लेकीचा फोन आला आन् तुटलं बघ."

त्यानं ते आपल्या मोबाइलवर लावलं. काळोख. कुणाचं तरी खोकणं. आणि मग...

"लाइट गेली? जाऊ द्या, माउली! अंधारात कुणाची भाकरी नि कुणाचं लोणचं, कळतंय का कुणाला? अहो, काल्याला हेच तर पाहिजे!"

मांडव हसला. त्यात मिनलचंही हसू होतं, स्पष्ट. मग फोनची घंटी वाजली आणि संपलं.

"दोन तासांतले चाळीस सेकंद," सिद्धेश म्हणाला. "बाकीचे माझ्या हातानं गेले. माफी मागायला तोंड नाही. आणि तरी... रोज तुमच्याच वाटेला पाय वळतात. हे सांगायची ही वेळ नव्हे, पण पुन्हा यायला मिळणार नाही, म्हणून."

मिनल किती तरी वेळ रडली. त्यानं गुपचूप ते चाळीस सेकंद शिदोरीत ठेवले.

"नाव?"

"काला. मराठीत लिहा... आणि दोन प्रती करा."

दुपार झाली होती. त्यानं पिशवीतून डबा काढला, सवयीनं खिडकीकडे निघाला. मिनल आपला डबा घेऊन उठली. ती सहा पावलं चालून गेली, त्याच्या भाजीत आपली भाकरी कुस्करली, वर लोणचं घातलं आणि डोळे गळत असतानाच सगळं एकत्र कालवलं.

"आता कुणाचं कुठलं, कळायचं नाही," ती म्हणाली. "बसा. जेवा."