सदतीसवर थांबलेली रेघ

"अक्का, कागदावरची रेघ खाली आली म्हणून सही करायची नाही. पाइपावर तळहात ठेवायचा. गार लागला तरच सही."

आमचे वेल्डर कृष्णाजी यांचं हे सांगणं मी बारा वर्षं पाळलं. हेब्बाळच्या आमच्या कारखान्यात बॉयलरचे अलॉय स्टीलचे पाइप जोडले जात. वेल्डिंग झालं की सांधा तापत्या पट्ट्यांत गुंडाळायचा, सातशे वीस अंशांवर दोन तास ठेवायचा आणि सावकाश निववायचा. नाहीतर धातूच्या पोटात ताण राहतो आणि पुढं कधीतरी वाफेच्या जोरानं सांधा फुटतो. त्या तापण्या-निवण्याची रेघ रेकॉर्डरचं पेन कागदावर काढतं. तो कागद तपासायचं काम माझं.

घर अग्रहारात, जुन्या ब्राह्मणवस्तीत. पहाटे एकवीस वाती वळायच्या, तुळशीला पाणी घालायचं, मग कंपनीची बस. आणखी एक नियम आईनं घालून दिलेला: ज्या दिवशी खोटं बोललीस त्या दिवशी जेवायचं नाही. मी वर्षभर रोज जेवत होते. खोटं बोलले नव्हते. बोललेच नव्हते.

ब्याण्णवच्या आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. वेल्डिंग मशीनला लावलं, ग्राइंडरला लावलं, क्रेनच्या हुकाला लावलं. स्टँडवर एक पाइप जोडायच्या तयारीत होता, कडा घासून चकचकीत केलेल्या. त्यालाही लावलं, अगदी कडेवर. माझ्या अनामिकेवर लहानपणी समईनं भाजल्याचा आडवा वण आहे. कुंकवाच्या टिकल्यात त्याची बारीक पांढरी रेघ उमटली, तेही तेव्हा दिसलं होतं.

दसऱ्यानंतर कृष्णाजींनी तो सांधा वेल्ड केला. एक्स-रेच्या फिल्मवर बोटाच्या पेराएवढा काळा डाग आला. धातूत वायूचे बुडबुडे अडकलेले. जोडायच्या कडेवर काही राहून जळलं की असं होतं.

"मला कुंकू दिसलं होतं की," नळावर हात धुताना ते मला म्हणाले. "पण कुंकू पुसायचं नसतं, अक्का. हातच धजला नाही. आम्ही रंगाऱ्यांच्या घरातले, बघा. रंग लावायला शिकलो, काढायला नाही."

चौकशीत मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. 'कारण: वेल्डरचा निष्काळजीपणा' असं फाइलीत लिहिलं गेलं. त्यांचं वेल्डरचं कार्ड काढून घेतलं, वेल्डरांच्या फळ्यावरचं नाव खोडलं, आणि वीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला पाइप घासायला बसवलं.

"मी सांगते साहेबांना," मी म्हटलं. "दसऱ्याच्या आत नक्की सांगते."

"कुठल्या दसऱ्याच्या?" असं म्हणून ते हसले.

माघात ते गेले. घासता घासताच छातीत कळ आली. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोचं, जमुनाबाईंचं, कपाळ मोकळं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अक्का सांगतील, म्हणत होते हे. सांगितलंत?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

भाद्रपदात तो पाइप यार्डातून परत आत आला. दुरुस्तीचं काम नरसिंह नावाच्या दुसऱ्या वेल्डरकडं होतं. त्यानं डागाची जागा घासून काढली, त्यावर लाल रंग फवारला, पुसला आणि वर पांढरी पूड मारली. धातूत कुठं चीर उरली असेल तर लाल रंग तिथून वर येतो. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमलला. गोल.

"एनु अक्का, काय हे, हा पाइप टिकली लावून घेतोय!"

तो आणखी खोल घासत गेला. ठिपका पुन्हा आला, तेवढाच. चौथ्या खेपेला पांढरं पांढरंच राहिलं. मग वेल्डिंग झालं, तापवणं झालं, निववणं झालं. फिल्म आली. डाग जिथल्या तिथं होता.

"बुडबुडेच आहेत," नरसिंह म्हणाला.

मी फिल्म उजेडासमोर धरली. डागातून एक बारीक आडवी रेघ गेली होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. का, ते आईला सांगता आलं नसतं.

आमचे मॅनेजर तिरुमलराव मला वर बोलावून म्हणाले, "तुंगाबाई, आता एकच दुरुस्ती नियमात बसते. पास झाला तर पाठवू, नाही तर कापून टाकू. काही झालं तरी आयुधपूजेच्या आत फाइल बंद करायची."

"आणि कारण?"

"आहे ते आहे की. ते माणूस तर गेलं. आता कोण विचारतंय?"

या वेळी नरसिंहनं ती जागा आरपार कापली. पलीकडची खिडकी दिसेपर्यंत. तिथं डाग राहायला धातूच उरला नाही. नवा धातू भरला, पट्ट्या गुंडाळल्या, वर ऊब धरणारी काचेची लोकर बांधली. सांध्याला चार ठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा, रेकॉर्डरला चार पेनं.

रात्रीत सांधा तापवून निववला. सकाळी आठला मी आले तेव्हा तीन रेघा सव्वीस अंशांवर उतरल्या होत्या. चौथी सदतीसवर थांबली होती.

"तार बिघडली," नरसिंह म्हणाला. त्यानं तार बदलली. सदतीस. पेन बदललं. सदतीस. कंटाळून त्यानं रेकॉर्डरचं बटण बंद केलं. "बिडी अक्का, सोडा हो, सही करून टाका. पोरं ताट सजवून बसलीत."

बाहेर झेंडूच्या माळा बांधणं चाललं होतं. उद्या आयुधपूजा.

मी लोकर आणि पट्ट्या सोडल्या. पाइपावर तळहात ठेवला.

गार होता. देवघरातल्या फरशीसारखा.

हात वर सरकवला. गार. आणखी थोडा वर.

तिथं ऊब होती. पेराएवढ्या जागेत. तापाची नव्हे. झोपलेल्या माणसाच्या कपाळाला असते, तेवढी.

मी हात काढला. तळव्यावर लाल उमटलं होतं. नरसिंहचा रंग तेलकट असतो, त्याला रॉकेलसारखा वास येतो. हे कोरडं होतं. हळदीचा वास होता. सातशे वीस अंशांत दोन तास राहिलेल्या सांध्यावर.

नरसिंहनं चिंधी पुढं केली. "घ्या, पुसा."

"नको," मी म्हटलं. "पुसायचं नसतं."

फाइल काखेत घेतली. त्यातल्या कारणाच्या ओळीपुढं काय लिहायचं ते मला वर्षभर पाठ होतं. कुंकू कुणी लावलं, कुठल्या बोटानं, कुठल्या दिवशी. तिरुमलरावांची खोली वरच्या मजल्यावर, अठरा पायऱ्या. मूठ अलगद मिटली आणि निघाले.

तिसऱ्या पायरीवर असताना खाली शेडमधून आवाज आला. बंद रेकॉर्डरचं चौथं पेन कागदावर सरकत होतं, सावकाश, निवताना सरकतं तसं.

मी थांबले नाही.