चौदा पानांचा राजपुत्र

खऱ्या प्रेमाला जगातली कोणतीही शक्ती अडवू शकत नाही, असं रेवाने आपल्या कुमार-कादंबरीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. तिला सोळाच्या पाढ्याने अडवलं.

साल १९९०, महिना ऑगस्ट. पनवेलच्या लाइन आळीतल्या छापखान्यात ती छत्री मिटत शिरली ती कृष्णकांतांना भेटायला. ते छापखान्याचे मालक आणि हौसेने प्रकाशकही. ते गावाला गेले होते. टेबलामागे एक तरुण बसला होता. कानावर पेन्सिल, आणि कानाच्या पाळीला निळी शाई. शाईचं त्याला माहीत नसावं. रेवाने त्याला कारकून समजून निरोप दिला, की मालकांना सांगा, कादंबरीवाल्या बाई येऊन गेल्या.

"सांगतो," तो म्हणाला. "पण ते म्हणतील, मुलाशी बोला. म्हणजे माझ्याशी. तेव्हा… बसता का?"

हा इंद्रजीत. त्याने खुर्ची हातरुमालाने पुसली, मग रुमाल बघून खुर्चीच बदलली, आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की कादंबरी दोन पानं जास्त झाली आहे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. सात फर्मे म्हणजे एकशे बारा पानं. हे पुस्तक होत होतं एकशे चौदाचं. शेवटची दोन काढली की झालं.

रेवाने डोळे मिटून श्वास घेतला. शाळेत नववी-ब च्या वर्गावर जाण्यापूर्वी ती असाच घेत असे.

गोष्ट होती शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. जुन्या गोष्टीत राजपुत्र येतो, हात धरतो, ती जागी होते आणि लगेच लग्नाचं जेवण. रेवाच्या गोष्टीत ती जागी होऊन विचारते, आपण कोण, आणि मला विचारलं होतंत का? मग त्याला काटेरी कुंपणाबाहेर पाठवते. हे सगळं शेवटच्या दोन पानांत होतं. ती काढली, तर उरत होती तीच जुनी गोष्ट. वर्षभर रात्री वह्या तपासून उरलेल्या वेळात तिने ती दोन पानं सहा वेळा लिहिली होती.

बारीक टाइप लावता येईल का, तिने विचारलं. छपाईचे बारीक खिळे मतदार याद्यांच्या कामात अडकलेले. दुसरा उपाय?

"आहे ना," इंद्रजीत म्हणाला. "चौदा पानं वाढवा. आठ फर्मे होतील."

"चौदा पानं राजपुत्र कुंपणाबाहेर काय करेल?"

"ते… बसून ठरवू."

तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटली की ती नवीन पनवेलहून टमटमने यायची, ओली, वैतागलेली. तो चहा मागवायचा, टवका न गेलेला कप तिच्यापुढे सरकवायचा, आणि राजपुत्राविषयी एकेक भयंकर सूचना करायचा. राजपुत्राने कोयता आणावा. राजपुत्राने येताना गरम भजी आणावीत. राजपुत्राला पोहता येत नसावं. रेवा विचारायची, पोहण्याचा इथे काय संबंध? तो म्हणायचा, संबंध नाही, पण माणूस कळतो.

"तुम्हाला येतं पोहायला?" तिने एकदा विचारलं.

"नाही," तो पेन्सिलीकडे बघत म्हणाला. "म्हणून तर सुचलं."

तिला हसू आलं, त्याचाही वैताग आला. आणखी वैताग याचा आला, की पुढचा गुरुवार यायला पूर्ण सात दिवस लागत होते.

जुळारी काशिराम जासईहून यायचा. खिळे जुळवता जुळवता तो अख्खी कादंबरी वाचत होता, आणि मत दिल्यावाचून राहत नव्हता. "लग्नाला नाय म्हनणारी पोर आमच्या जासईत असती ना बाय, तर तिला परत निजवली असती."

गणपती गेले. दसऱ्याच्या आधी रेवाने मजकूर आणून टेबलावर आपटला. आता यातला शब्दही बदलणार नाही, असं बजावून ती निघून गेली.

पुढच्या गुरुवारी आली, तर छापखान्यात सगळे तिच्याकडेच बघत होते. यंत्र बंद. शेवटी काशिरामनेच विचारलं.

"बाय, राजपुत्राच्या कानाला शाई कशी लागली?"

आपण असं लिहिलंय, हे रेवाला तेव्हाच कळलं. इंद्रजीतने हळूच कानाला हात लावला आणि बोट बघितलं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आधी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशीच. पुस्तकाच्या सुरुवातीला बाबांचं मनोगत आहे. दोन पानांचं. ते काढलं असतं तर तुमची मूळची पानं बरोबर बसली असती."

रेवाने ते मनोगत वाचलेलं होतं. त्यात छापखान्याचा इतिहास होता आणि तिचं नाव एकदा, तेही रेखा असं.

"म्हणजे मी सहा गुरुवार—"

"सात. एकदा तुम्ही आला नव्हतात. मी होतो."

"आणि तुम्ही मला चौदा पानं लिहायला लावलीत. का?"

"तुम्ही येत होतात म्हणून." त्याने पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. "विचारल्याशिवाय हात धरायचा नाही, हे तुमच्याच पुस्तकात वाचलंय. म्हणून विचारतोय. लग्न कराल माझ्याशी? नाही म्हणालात तरी पुस्तक दिवाळीआधी निघेल."

बाहेर पन्हळीचं पाणी बादलीत पडत होतं. रेवाला त्याचा इतका राग आला होता, की त्याच्या कानाची शाई पदराने पुसून टाकावी असं वाटत होतं.

"तिला काय विचारतो," काशिराम खिळ्यांतून मान वर न काढता म्हणाला. "शेवटच्या पानावर हो म्हनते ती. मी कालच जुळवलंय."

"शेवटच्या म्हणजे?" इंद्रजीतचा आवाज व्यावसायिक झाला.

"एकशे तीस."

तिघांनी मनात भागाकार केला. रेवाने चौदा म्हणता म्हणता सोळा पानं लिहिली होती. पुन्हा दोन जास्त. आणि तिचा होकार नेमका त्या दोन पानांत.

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं. यावेळी त्याने काहीच सुचवलं नाही.

"मनोगत काढा," रेवा म्हणाली.

लग्न वैशाखात झालं. कृष्णकांतांचं मनोगत लग्नपत्रिकेच्या मागे छापावं लागलं. बारीक टाइपात ते एका बाजूत मावलं.